सात नंबरची हळद

दर महिन्याच्या एक तारखेला प्रमोद खिल्लारे एका छापील फॉर्मवर सही करून तो खात्याच्या कचेरीला पाठवी. फॉर्मवर एकच वाक्य होतं : 'सदर धावपट्टी निर्वेध असून विमान उतरण्यास योग्य आहे.' खाली तारीख, सही आणि शेरा असे तीन रकाने. तारीख आणि सही प्रमोद भरायचा. शेऱ्याचा रकाना अकरा वर्षं कोरा होता.

वर्षातले नऊ महिने ते वाक्य खरं असे. उरलेले तीन महिने धावपट्टीवर हळद असे.

डोंगरकड्याहून वारंगा फाट्याकडे जाताना डाव्या हाताला बेलदरी तांडा लागतो आणि तांड्याच्या पाठीमागे ही धावपट्टी. एका कारखान्यासाठी ती बांधली होती. भूमिपूजनाला मालकाचं विमान एकदा उतरलं, नारळ फुटला, विमान परत गेलं. कारखाना आला नाही. धावपट्टी सरकारजमा झाली. लांबी बाराशे मीटर, रुंदी पंचवीस. तिच्यासोबत पत्र्याची एक खोली, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी नळी आणि एक चौकीदार एवढा सरंजाम होता. नळीचं कापड सहा वर्षांपूर्वी फाटलं. प्रमोदने चार अर्ज केले. पाचवा करण्याऐवजी त्याने बायकोच्या, कमलबाईच्या जुन्या लाल परकराची नळी शिवून घेतली आणि खांबावर चढवली. लांबून ती जुन्या नळीपेक्षा बरी दिसायची.

प्रमोद मानधनावर होता. त्याला कायम करण्याची फाइल सात टेबलं फिरून आता शेवटच्या टेबलावर होती. "एक सही राहिली," कचेरीतल्या बाबूने फोनवर सांगितलं होतं. "अकरा वर्षांत एक तक्रार नाही, एक शेरा नाही. इतकी स्वच्छ फाइल मी पाहिली नाही, खिल्लारे. महिनाभर शांत राहा." प्रमोदचं वय चव्वेचाळीस होतं. पंचेचाळीसनंतर कायम करता येत नाही, असा नियम होता. त्याला पंचेचाळीस जूनमध्ये पूर्ण होणार होती. हा एप्रिल होता.

हळद प्रमोदच्या पहिल्याच वर्षी आली. शिजवलेली हळद शेतात वाळायला पंधरा दिवस घेते. काळ्या डांबरावर ती नवव्या दिवशी खणखणीत वाजते. तांड्याचे नाईक थावरा राठोड विचारायला आले, तेव्हा प्रमोद म्हणाला, जमणार नाही, सरकारी जागा आहे. थावरा नाईकांनी मान डोलावली, दोन कप चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीवर हळद पसरलेली होती. प्रमोदने मग जे त्याच्या स्वभावात होतं ते केलं. टेप आणली आणि पट्टी मोजली. दोन्ही टोकांना ऐंशी-ऐंशी मीटर सोडले आणि मधल्या जागेचे ऐंशी मीटरचे तेरा तुकडे पाडून चुन्याने आकडे टाकले. तेरा घरं, तेरा नंबर. एका कडेला ट्रॅक्टरपुरती वाट मोकळी. बेकायदा कामात इतकी शिस्त त्या तालुक्यात दुसरीकडे नसावी.

तीन वर्षांपूर्वी एक भांडण झालं. सात नंबर पारुबाईचा. म्हातारी एकटी राहायची आणि तिच्या हळदीचा रंग तांड्यात सगळ्यांत चढा असायचा. सहा नंबर ओमप्रकाशचा. पारुबाई गावाला गेलेली असताना अवकाळी पाऊस आला. ओमप्रकाशने चांगल्या मनाने आपल्या हळदीसोबत तिचीही गोळा केली आणि दोन्हींचा एकच ढीग झाला. पारुबाईने परत आल्यावर तो ढीग पाहिला आणि चार महिने ओमप्रकाशला तांड्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. शेवटी थावरा नाईकांनी बैठक बसवून नियम घातला : दुसऱ्याच्या हळदीला मालक समोर असल्याशिवाय तांड्यातल्या कुणी हात लावायचा नाही. पाऊस येवो, आग लागो. सगळ्यांनी शपथ घेतली. नियम मोडल्याचं त्यानंतर ऐकिवात नव्हतं.

त्या दिवशी दुपारी तीन चाळीसला कचेरीतून साहेबांचा फोन आला.

"खिल्लारे, धावपट्टी मोकळी आहे ना?"

"मोकळी आहे साहेब," प्रमोद म्हणाला. अकरा वर्षांत साहेबांनी हा प्रश्न तीनदा विचारला होता आणि तिन्ही वेळा हेच उत्तर गेलं होतं. फोन बंद झाला. साहेबांनी आज का विचारलं असेल, हा विचार त्याच्या मनात नंतर आला.

तीन शेहेचाळीसला अनोळखी नंबरवरून दुसरा फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता आणि एका शब्दावर दुसरा चढू देत नव्हता.

"मैं नियंत्रण कक्ष से बोल रहा हूँ. यह लाइन रिकॉर्ड हो रही है. आप धावपट्टी के चौकीदार हैं?"

"जी."

"दो इंजिन का एक छोटा ट्रेनिंग का जहाज़ है. दो लोग हैं. उसका एक चक्का नहीं खुल रहा. नांदेड पर तूफान है, एक घंटे से पहले नहीं हटेगा. जहाज़ में पचपन मिनट का तेल है. आपकी पट्टी सबसे पास है. हमें बताया गया है कि वह साफ है."

प्रमोद खोलीच्या दारात उभा होता. समोर एक किलोमीटरहून जास्त लांब पिवळा पट्टा उन्हात पसरला होता. सहा नंबरवर ओमप्रकाशची बायको निता दाताळ्याने हळद खालीवर करत होती.

"कितनी पट्टी लगेगी?" त्याने विचारलं.

"आठ सौ मीटर मिले तो अच्छा. क्यों?"

"पंधरा मिनिट दीजिए."

"किसलिए?"

"झाडू मारनी है," प्रमोद म्हणाला.

मग माणूस म्हणाला, "मारिए."

आता सांगायचं म्हणजे प्रमोद वाईट माणूस नव्हता. तो फक्त शेवटच्या टेबलावरच्या सहीचा विचार करत होता. पंधरा-वीस मिनिटांत हळद हटली, तर विमान उतरेल, माणसं वाचतील आणि धावपट्टी निर्वेध होती हेही खरं ठरेल. यात कुणाचंच नुकसान त्याला दिसत नव्हतं. त्याने सायकल काढली आणि तांड्यावर गेला.

थावरा नाईक लिंबाखाली खाटेवर बसले होते. वय पंच्याहत्तर. कान शाबूत, घाई नाही.

"नाईक, हळद उचलावी लागते. आत्ता. समदी."

"काहून?"

प्रमोदने तोंड उघडलं आणि त्याच वेळी आवाज आला. पांढरं, बारकं विमान पूर्वेकडून आलं, तांड्यावरून खाली झुकून गेलं आणि लांब वळसा घेऊ लागलं. बायका घराबाहेर आल्या. आठ नंबरवाला खेमा धावत आला. नांदेडच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

"पाऊस पाडायचं इमान हाय हे," खेमा म्हणाला. "मागं दुष्काळात आलं होतं का न्हाई? ढगात मीठ टाकून राहिलं ते. बघा, नांदेडात पडलाच."

"एप्रिलात काहून पाडतील?" नाईकांनी विचारलं.

"सरकारी काम हाय, नाईक. मंजुरी जूनची असंल, इमान आत्ता मिळालं."

यावर कुणाला शंका राहिली नाही. सगळ्यांनी प्रमोदकडे पाहिलं. तो सरकारचा माणूस होता आणि हळद उचला म्हणून आला होता. प्रमोदने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. एवढ्यात तांडा धावपट्टीकडे पळाला होता.

विमान आहे हे सांगून जे काम तासाभरात झालं नसतं, ते पावसाच्या नावाने दहा मिनिटांत झालं. दाताळी, फावडी, टोपली, दोन ट्रॅक्टर, सगळं एकदम चाललं. प्रमोद सायकलवरून पोचला, तेव्हा बारा ढीग लागलेले होते. आणि प्रत्येक ढिगावर ताडपत्री टाकून तिच्या कडांवर दगड ठेवायचं काम चाललं होतं.

तो सायकलवरून उतरला आणि उभाच राहिला.

पाऊस आला की हळद हलवत नाहीत, जागेवर गोळा करून झाकतात. ढीग कडेला लावत नाहीत, कारण डांबर मध्ये उंच असतं आणि पाणी कडेला वाहतं. ढीग मधोमध लावतात. आता धावपट्टीच्या बरोबर मध्यरेषेवर कमरेइतके उंच बारा ढीग, प्रत्येकावर निळी ताडपत्री आणि तिच्याभोवती डोक्याएवढे दगड. मघाशी विमान बोटभर जाडीच्या हळदीवर उतरलं असतं. आता ते उतरूच शकत नव्हतं.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन वाजला.

"पायलट पूछ रही हैं, पट्टी पर नीले रंग का क्या है?"

"हटा रहे हैं," प्रमोद म्हणाला.

"एक काम कीजिए. वह आपके ऊपर से धीरे जाएगी. नीचे से देखकर बताइए कौन-सा चक्का खुला है. ठीक से देखना. अंदाज़ा नहीं चाहिए."

विमान पश्चिमेकडून आलं, लिंबाच्या शेंड्याएवढं खाली. प्रमोदने डोळ्यांवर हात धरला. त्याला उगाच वाटलं की आपल्याला कुणी असं काही अकरा वर्षांत विचारलं नव्हतं.

"आगे का खुला है. दाहिना खुला है. बायाँ आधे में लटका है. उसके ऊपर का पत्रा भी आधा खुला है."

"पक्का?"

"बराबर देखा. आधा."

"ठीक. फिर वह तीनों अंदर लेकर पेट पर उतरेगी. पट्टी साफ चाहिए, एकदम. चार चालीस से आगे तेल नहीं है."

प्रमोदने फोन खिशात ठेवला आणि थावरा नाईकांकडे गेला. नाईक सायकलवरून डबलसीट येऊन पोचले होते.

"नाईक, ते पावसाचं इमान न्हाई. त्याचं चाक अडकलं. इथंच उतरायचं त्याला, पोटावर. पस्तीस मिनिटं हायेत. आत दोन माणसं हायेत."

बारा घरांची माणसं ऐकत होती. मग खेमा म्हणाला, "मग आमी ढीग लावत होतो तवा तू काय करून राहिला होतास?"

"बघून राहिलो होतो."

"झाक झाक म्हणून दगड बी तूच आणून दिलास."

"दगड न्हाई दिले."

"एक दिला. म्या पाहिला."

एक दिला होता.

"ते नंतर," नाईक म्हणाले. "आपापला ढीग कडेला वढा. ताडपत्री खाली घाला अन् वढा. दगड आधी फेका. बाजाराला गेलेल्यांची पोरं-सुना हायेत का? हायेत. त्यांच्या समोर हात लावा. चला."

तांडा पुन्हा भिडला. पावसाला पळण्यात एक सवय असते, ती आता नव्हती, पण वर फिरणारं विमान सगळ्यांना दिसत होतं आणि आता ते कशासाठी फिरतंय हे कळलं होतं. बायकांनी ताडपत्र्या उपसल्या, पुरुषांनी त्यावर हळद लोटली आणि सहा-सहा जणांनी एक-एक टोक धरून ओढली. ओमप्रकाशने ट्रॅक्टरमागचं लोखंडी ब्लेड खाली सोडून स्वतःचा ढीग दोन खेपांत रानात ढकलला. चार अठराला पट्टी दोन्ही बाजूंनी काळी झाली होती.

मधोमध एक पिवळा चौकोन राहिला होता. सात नंबर.

तो ढीग झालाच नव्हता. पारुबाई कळमनुरीच्या बाजाराला गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि पावसाच्या गडबडीतही तिच्या हळदीला कुणी बोट लावलं नव्हतं. निताने तिला चार वेळा फोन केला होता. पारुबाई चार्जिंग वाया जाऊ नये म्हणून फोन बंद ठेवायची आणि कुणाला फोन करायचा असला तरच चालू करायची.

ओमप्रकाशचा ट्रॅक्टर कडेच्या मोकळ्या वाटेवर, चुन्याच्या रेषेपाशी उभा होता. पुढचं चाक रेषेच्या अलीकडे, चार बोटांवर.

"घाल," प्रमोद म्हणाला. "दोन खेपा."

"मी न्हाई." ओमप्रकाशने इंजिन बंद केलं. "मागल्या टायमाला भलाई केली त चार महिने दाढी करायला डोंगरकड्याला गेलो. तांड्यात कुणी वस्तरा लावंना."

"माणसं मरतील ओमप्रकाश."

"त नाईकाला सांग, नियम उठवा म्हणून."

सगळे नाईकांकडे वळले. थावरा नाईकांनी आभाळाकडे पाहिलं, मग हळदीकडे.

"पारू समोर नसताना नियम म्या उठवला, तर उद्या समदेच उठवतील. मालकीण समोर पाहिजे, हेच तर ठरलं होतं. शपथ म्या बी घेतली." त्यांनी प्रमोदकडे पाहिलं. "तू घेतली का?"

"न्हाई."

"तू तांड्याचा न्हाईस. तुला बंधन न्हाई. तुझा हात चालतो."

"ट्रॅक्टर द्या मग."

"ट्रॅक्टर ओमप्रकाशचा हाय. त्याचं ब्लेड म्हंजे त्याचाच हात."

"फावडं?"

खेमाने आपलं फावडं पाठीमागे घेतलं. ते खेमाचं होतं.

प्रमोदने पत्र्याच्या खोलीतून सरकारी खराटा आणला. खात्याने दिलेली ती एकच वस्तू अजून धड होती. त्याने सात नंबरच्या पश्चिम टोकाला सुरुवात केली. हळकुंडं खराट्याला दाद देत नव्हती. अर्धी पुढे जात, अर्धी खालून परत येत. तांडा कडेला उभा राहून पाहत होता. काही बायका त्याला कुठून झाडावं हे सांगत होत्या. विमान दर चार मिनिटांनी वरून जात होतं. चार पंचविसाला त्याने मागे पाहिलं. सहा मीटर झाले होते. ऐंशीतले चौऱ्याहत्तर बाकी होते. हिशेब त्याला चांगला यायचा.

फोन खिशातून काढताना त्याचा अंगठा पिवळा झालेला त्याला दिसला. ही लाइन रिकॉर्ड होते. नुसतं 'साफ आहे' म्हटलं तर विमान येईल, आणि पेटलं किंवा कलंडलं तर वाऱ्याने हळद आली म्हणता येईल. 'साफ नाही' म्हटलं तर तो शब्द तारीख-वेळेसकट कुठेतरी कायमचा राहील, त्याच्याआधीच्या एकशे बत्तीस सह्यांच्या शेजारी. त्याने नंबर लावला.

"साफ हुआ?"

"मैं प्रमोद खिल्लारे, चौकीदार. पट्टी निर्वेध नहीं है. लिख लीजिए."

"बोलिए."

"पश्चिम के सिरे से पाँच सौ छासठ मीटर तक साफ है. वहाँ से छह सौ चालीस तक हल्दी है. उसके बाद फिर पाँच सौ साठ मीटर साफ."

"क्या है?"

"हल्दी."

"हल्दी?"

"शिजवलेली. मतलब उबाली हुई. खड़ी है, पिसी नहीं. सातवाँ दिन है, दो दिन और लगते. मोटाई एक उंगली, कहीं दो. पत्थर नहीं है, मैंने देखा है. पूरी चौड़ाई में है, दक्षिण की तरफ तीन मीटर छोड़ के."

"यह नाप पक्का है? अंदाज़ा नहीं?"

"टेप से नापा है. नंबर मैंने ही डाले हैं."

पलीकडचा माणूस कुणाशी तरी इंग्रजीत भराभर बोलला. मग परत आला. "पायलट कह रही हैं, पाँच सौ छासठ पता है तो ठीक है. सिरे पर ही टिकाएगी, हल्दी तक पहुँचते-पहुँचते धीमी हो जाएगी. हवा किधर से है?"

प्रमोदने खांबाकडे पाहिलं. कमलबाईचा परकर अर्धा भरून पश्चिमेकडे तोंड करून उभा होता.

"पश्चिम से पूरब. मध्यम. मतलब पीछे से लगेगी उसको, पश्चिम से उतरी तो."

"फिर पूरब से उतारेंगे. उधर से कितना?"

"पाँच सौ साठ. छह मीटर कम."

"बताया अच्छा किया," माणूस म्हणाला. "लोग हटा लो."

चार चौतिसाला विमान पूर्वेच्या टोकावर आलं. चाकं आत होती; खालून पोट गुळगुळीत दिसत होतं. अगदी शेवटी दोन्ही इंजिनांचा आवाज बंद झाला आणि तांड्यावर कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. मग डांबरावर पत्रा घासल्याचा आवाज. तो बराच वेळ चालला. ठिणग्या दिसल्या. तेरा नंबर, बारा, अकरा. दहाला विमान जरा डावीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. प्रमोद नंबर मोजत होता, मोठ्याने, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. आठ नंबर संपला तेव्हा विमान माणूस पळेल एवढ्या वेगात होतं. ते सातमध्ये शिरलं. पिवळी धूळ उठली, ठिणग्या दिसेनाशा झाल्या, आणि बाराशे मीटरच्या धावपट्टीवर आवाज असा काही उरला नाही.

धूळ खाली बसायला वेळ लागला. आधी एक तरुण मुलगा बाहेर आला आणि डांबरावर बसला. मागून पन्नाशीची एक बाई उतरली. खांद्यापर्यंत पिवळी. हेडफोन गळ्यात. ती इंजिनांकडे गेली, वाकून पाहिलं, मग समोर खराटा धरून उभ्या असलेल्या माणसाकडे आली.

"चौकीदार आप हैं? पाँच सौ साठ वाले?"

"जी."

"कितना अंदर आई मैं?"

प्रमोदने पावलं टाकून पाहिली. "आठ मीटर."

"ठीक," ती म्हणाली आणि तिला शिंक आली.

साडेपाचला पोलीस आले. सहाला खात्याची जीप. त्यांनी विमानाभोवती खांब ठोकून फीत बांधली आणि सांगितलं की दिल्लीहून चौकशीचे अधिकारी येऊन पाहीपर्यंत विमानाला, आणि विमान ज्यावर आहे त्या कशालाच, कुणी हात लावायचा नाही. तांड्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. असला नियम त्यांच्या ओळखीचा होता.

पारुबाई सव्वासहाला वडापच्या जीपमधून उतरली. हातात मिरच्यांची पिशवी. ती गर्दीतून पुढे आली, फितीपाशी थांबली आणि बराच वेळ पाहत राहिली. विमानाचं शेपूट आठ नंबरवर होतं. बाकीचं सगळं तिच्यावर.

"हात कुणी लावला?" तिने विचारलं.

"कुणीबी न्हाई, याडी," ओमप्रकाश घाईने म्हणाला. तिला तो त्यांच्या बोलीत आईच म्हणायचा, भांडणातसुद्धा. "तुझी शपथ. माझा ट्रॅक्टर रेषेच्या बाहेर हाय. बघ."

तिने ट्रॅक्टर पाहिला. चार बोटं मोजली. मग पश्चिम टोकाचे सहा मीटर तिच्या नजरेला आले.

"अन् हे?"

"ते मी झाडलं," प्रमोद म्हणाला.

"काय झाडलंस. निम्मी मागंच ठेवली." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "माणसं हायेत का वाचली?"

"हायेत. दोन."

"मग बसा आता. माझी हळद सरकारनं धरून ठिवली म्हणायची." आणि ती फितीच्या बाहेर, आपल्या हळदीपासून हातभर अंतरावर बसली. पुढचे आठ दिवस ती सकाळी येऊन तिथेच बसायची. पहाऱ्यावरचा पोलीस जेवायला गेला, तर तो तिला सांगून जायचा.

चौकशीचे अधिकारी तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी टेप लावली. पूर्वेच्या टोकापासून हळदीच्या कडेपर्यंत पाचशे साठ मीटर भरले. त्यांनी पुन्हा लावली. पाचशे साठ. अधिकाऱ्याने प्रमोदला विचारलं, हळद किती वर्षांपासून. प्रमोदने सांगितलं, अकरा. अधिकाऱ्याने लिहून घेतलं.

तीस तारखेला कचेरीतून साहेबांचा फोन आला.

"खिल्लारे, तुमची फाइल त्या टेबलावरून परत बोलावलीय. नुसती बोलावलीय, घाबरू नका. चौकशीवाले काही आपल्याला विचारणार नाहीत, त्यांना चाकाशी मतलब. तुमचा उद्याचा फॉर्म तेवढा नेहमीसारखा पाठवा. हळद त्याच दिवशी, तुमच्या नकळत आली, असं मी वर कळवतो. विमान परवा उचलणार आहेत. मग पट्टी निर्वेधच झाली की नाही?"

"परवा होईल साहेब."

"तेच. एका दिवसाचा तर प्रश्न. जूनच्या आत काम होऊन जाईल."

एक तारखेला प्रमोद पत्र्याच्या खोलीत फॉर्म घेऊन बसला. दारातून सात नंबर दिसत होता. विमान, फीत, पारुबाई. कमलबाई चहा घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावरून फॉर्मकडे पाहत उभी राहिली.

"काय म्हणतेत साहेब?"

"नेहमीसारखा भर म्हणतेत."

"मग?"

प्रमोदने तारीख टाकली. पेन सहीच्या रकान्याशी नेलं. मग ते वर नेऊन 'निर्वेध' या शब्दावर एक रेघ मारली, सरळ यावी म्हणून फूटपट्टी धरून. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'पूर्व टोकापासून ५६० मी. ते ६३४ मी. हळद. त्यावर एक विमान. हळद दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल असते. आजवर कळवले नाही.'

"जून गेला म्हणायचा," कमलबाई म्हणाली.

"जून गेला."

तिने कप ठेवला. खिडकीतून परकराची नळी पाहिली. "त्याचं बी लिही मग. चार अर्ज केले व्हते म्हणून."

बाहेरून पारुबाईने हाक मारली. तिला फॉर्मचं कळलं होतं. तांड्यात काही लपत नाही. "परमोद, त्यात लिही, तांड्याच्या कुणी माझ्या हळदीला हात लावला न्हाई. ओमप्रकाशचं नाव घालून लिही. उद्या त्याला कुणी काय म्हणायला नको."

"लिहितो मावशी."

"अन् सहा मीटर तू झाडली, ते बी."

शेऱ्याच्या रकान्यात जागा उरली नव्हती. प्रमोदने वहीतला एक कोरा कागद फाडला, वर 'पुरवणी' असं लिहिलं आणि समास सोडण्यासाठी फूटपट्टी धरली.